फाटकच्या मॅचला माणसं किती?

मला एक सांगा, उद्याच्या फुटबॉलच्या मॅचला गर्दी किती होणार हे जाणून घ्यायचं असेल तर तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? कोचवर? तो म्हणणार, अख्खं कोल्हापूर येणार. पेपरवाल्यावर? तो परवा सांगणार. पोलिसावर? त्याला चार माणसं एकत्र दिसली की गर्दीच वाटते! मग उरला कोण? गेटवर टोपली घेऊन बसलेला शेंगावाला.

म्हणजे मी.

चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढचं सगळं शिक्षण स्टेडियमच्या गेटवर झालं. मग भट्टी झाली, दुकान झालं, कागलपासून वारणानगरपर्यंत माल जायला लागला, लोक तोंडावर ‘शेठ’ आणि पाठीमागं ‘शेंगाअण्णा’ म्हणायला लागले. पण मॅचच्या दिवशी टोपली घेऊन गेटवर मीच. कारण साधं आहे. भाजलेली शेंग उरली की सादळते. किती भाजायच्या हे आधी ठरवावं लागतं, आणि त्यासाठी माणसं किती येणार हे आधी कळावं लागतं. कोण जिंकणार हे मला उभ्या आयुष्यात कधी सांगता आलं नाही. किती येणार हे बहुतेक वेळा बरोबर यायचं!

असल्या गोष्टी कुणी ठरवून गोळा करत नाही. गॅलरीच्या पायरीखाली टरफलं साठतात तशा त्या साठत जातात. एक दिवस झाडायला घ्यावं तर, अरेच्चा, केवढा हा ढीग! आणि माझा ढीग कुठूनही उपसा, खालून एक माणूस निघतोच. बापू.

बापू कांबळे महानगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होता, म्हणजे पेठेपेठेतले व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. सायकलच्या दांडीला हातभर लोखंडी चावी बांधलेली. राहायला उचगावच्या बाजूला, रेल्वे फाटकाच्या पलीकडं. मॅचच्या दिवशी सायकल माझ्या टोपलीशेजारी टेकवायचा आणि म्हणायचा, “जय भीम अण्णा! काय, किती येत्यात आज?”

मी आकडा सांगायचो. मॅच सुरू झाली की आम्ही दोघं मिळून मोजायचो. दोन खांबांच्या मध्ये एका पायरीवर वीस माणसं बसतात. खांब मोजायचे, पायऱ्या मोजायच्या, मधली भोकं वजा करायची. मग काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचं, कोण विरुद्ध कोण, आणि माणसं किती. गोल किती झाले हे त्या वहीत एकदाही लिहिलेलं नाही.

नियम एकच. जो कामाला आलाय तो मोजायचा नाही. पोलीस नाही, पंच नाही, बाकावर बसलेले राखीव खेळाडू नाहीत. आणि मी नाही.

“तू पन न्हाईस?” बापू पहिल्यांदा हे ऐकून हसला होता.

“मी धंद्याला आलोय. टोपली हाय न्हवं माझ्याफुडं!”

आमच्यात एकच वाद होता, तो वर्षानुवर्षं चालला. माझं म्हणणं, काय होणार हे ठाऊक असलं की माणूस येत नाही. माणूस येतो तो न कळलेल्यासाठी. बापू म्हणायचा, “येतो की! एक तरी येतोच.”

“कशाला ईल? निकाल त्याला घरात बसून ठावं हाय!”

“तरीबी येतो,” एवढंच म्हणायचा. त्याच्याजवळ दुसरं कारण नसायचं.

*

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी माने सर. तिकिटं किती छापायची हे विचारायला ते माझ्या भट्टीवर यायचे, पण चार लोकांत कधी कबूल करायचे नाहीत. आले की म्हणायचे, “अण्णा, पावशेर फुटाणे द्या,” आणि पुडी हातात पडली की हळूच, “उद्या किती धरू?”

मी संघांची नावं विचारायचोच नाही. मी विचारायचो, “सर, दोघांची मागली मॅच कशी सुटली?”

एका वर्षी पिंपळकट्टा आणि माळ या पेठेतल्या दोन संघांची सेमीफायनल बरोबरीत सुटली. तेव्हा टायब्रेकर न घेता मॅच पुन्हा खेळवायचं ठरलं. सरांनी फुटाणे घेतले. मी म्हणालो, “दुप्पट छापा.” दुसरीही बरोबरीत! सर पुन्हा आले. या खेपेला फुटाणे घ्यायचंही विसरले. “अण्णा?” मी म्हणालो, “कागद शिल्लक असेल तेवढा छापा!”

तिसऱ्या मॅचला पेठेत कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं. चौकातला न्हावी एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून वस्तरा टाकून पळाला. आणि गिऱ्हाईक काय करणार? ते पण त्याच्या मागोमाग! गॅलरीत मी त्याला डोळ्यांनी बघितला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण वाळलेला.

मॅच पुन्हा बरोबरीत सुटली. न्हाव्यानं बिचाऱ्यानं माफी मागितली, “चला पावणं, उरलेली करतो.”

गिऱ्हाईक गालावर हात ठेवून म्हणालं, “र्‍हाऊ दे! निकाल लागंपतोर हात लावायचा न्हाय!”

*

गॅलरी झाडायला सखूबाई होत्या. मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, एवढ्या मोठ्या रिकाम्या गॅलरीत त्या एकट्या, आणि त्यांच्या झाडूचा आवाज. मी शिल्लक पोती न्यायला जायचो तेवढंच त्यांच्याशी बोलणारं माणूस. त्यांनी आयुष्यात एकही मॅच बघितलेली नव्हती.

एकदा मी गेलो तर म्हणाल्या, “अण्णा, काल लै घासून झाली जनू!”

“तुमाला कुनी सांगितलं?”

“टरफलं बगा की! हितं दानं पन पडल्यात. मानसाचं ध्यान हातात नसलं की आसं हुतं. आन् हिकडं तर टरफलासकट चावून थुकलंया.”

मी वाकून बघितलं. खरंच होतं. तेव्हापासून आम्हा दोघांचा तो खेळच झाला. एकतर्फी मॅच असली की टरफलं कशी नीट, दोन फाका, वरची लाल सालसुद्धा फुंकून बाजूला केलेली. माणूस कंटाळला की फार स्वच्छ खातो! सखूबाई ढीग बघून सांगायच्या, “मदीच गोल झाला असंल. हितनं फुडं समदी सोलून खायाल्यात.”

एका सकाळी मी गेलो तर त्या पाचव्या पायरीवर नुसत्या बसल्या होत्या. झाडू बाजूला. मी विचारलं, “काय झालं?”

“काल मॅच हुती?”

“होती की. काल फाटकची एकच.”

“मग झाडू काय? कायबी न्हाय हितं. येका मानसानं खाल्ल्यात, आन् टरफलं कागदात बांधून ठिवल्यात!”

*

ते माणूस कोण हे सांगायला नको. बापू त्याच्या वस्तीजवळच्या संघाच्या मागं उभा असायचा. संघाचं नाव मोठं छान होतं, पण सगळं गाव त्यांना ‘फाटक’ म्हणायचं. फाटकवाले हरायचे. एखाद्या वेळी हरायचे असं नव्हे, हरायचेच! पहिली फेरी, दुपारची दोनची मॅच, चार-पाच गोल खायचे आणि आपापल्या कामावर परत जायचे. गोली टेंपो चालवायचा. कधी भाडं लांबचं लागलं तर दुसराच कुणी गोलात उभा राहायचा.

अशीच एक मॅच, उन्हाचा कहर. मी टोपली घेऊन आलो होतो ते चारच्या मोठ्या मॅचसाठी. गॅलरीत बघतो तर पाचव्या पायरीवर एकटा बापू. आजूबाजूला पांढऱ्या पायऱ्याच पायऱ्या.

हाफ टाईमला खाली आला. “किती लिवलंस?”

“चाळीस.”

खरं सांगतो, मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. म्हणून घातले चाळीस.

बापूनं वही माझ्या हातातून घेतली. त्याला रागावलेला मी तेव्हा एकदाच बघितला. “कुठं हायत चाळीस? दाव मला! अण्णा, फाटकनं गोल खाल्लं त्ये खाल्लं. मानसं आली न्हाईत ती आली न्हाईत. तू कशाला भीक घालालायस?” आणि स्वतःच्या पेनानं चाळीस खोडून त्यानं ‘एक’ लिहिलं. ते पान अजून तसंच आहे.

मग शांत झाला, आणि शेंगा मागितल्या. मी म्हणालो, “बग, माझंच खरं झालं. निकाल ठाऊक असलेल्या मॅचला कोन येत न्हाय.”

बापू त्या एकावर बोट ठेवून म्हणाला, “ह्यो कोन मग?”

*

पेठेत पाण्याची वेळ चारची, आणि मोठी मॅचही चारची! आता पाणी भरणारी माणसं आणि गॅलरीत ओरडणारी माणसं एकच. बापूनं काय करावं? मॅच चुरशीची असली की तो दोनलाच पाणी सोडायचा.

तक्रार वर गेली. साहेबांनी बोलावून घेतलं. “कांबळे, पाणी दोनला कसं काय सोडलं?”

“सायब, चारला सोडलं आसतं. पर भरायला घरात कोन हाय?”

साहेबही पेठेतलेच. त्यांनी फाईल मिटवली आणि विचारलं, “बरं, आज किती वाजता सोडणार?”

पुढं पुढं असं झालं की लोक मला विचारीनासे झाले. दुपारी दोनला नळ वाजला की पेठ समजायची, आज मॅच घासून होणार! निम्मी गर्दी तर नळाच्या आवाजावर यायची. मी चिडायचो. “बापू, माझा एवढ्या वर्सांचा अभ्यास, आन् लोकांचा इस्वास नळावर?”

“पानी खोटं बोलत न्हाय,” म्हणायचा.

फाटकच्या मॅचला मात्र पाणी कायम वेळेवर आलं. गर्दी जमावी म्हणून एकदाही त्यानं तिथं लबाडी केली नाही.

*

नंतर परदेशी खेळाडूंचे दिवस आले. पिंपळकट्ट्याचे तात्या म्हणजे बांधकामातली बडी असामी, त्यांनी आफ्रिकेतला एक धिप्पाड गडी आणला. नाव डॅनियल, पण पेठेनं दोन दिवसांत त्याचा ‘दानू’ केला. दानू एकटाच चार-चार गोल करायचा. पहिल्या दोन मॅच त्याला बघायला गाव लोटलं. तिसरीला निम्मं. चौथीला मी अर्धं पोतंसुद्धा भाजलं नाही.

तात्या माझ्यावरच खवळले, जसं काय माणसं मीच लपवून ठेवलीत! “अण्णा, टीम सगळ्या मॅच जिंकालीय, आन् गॅलरी रिकामी? लोकांस्नी झालंय काय?”

“तात्या, तुमी पिच्चरचा शेवट पोस्टरवरच छापलाय. आत कोन ईल?”

दानू थंडीच्या दिवसांत सकाळी माझ्या भट्टीपाशी येऊन बसायचा. शेक घ्यायला. शेंगा बघून पहिल्या दिवशी त्याचे डोळे भरून आले होते. छातीवर हात ठेवून म्हणाला, “माय मदर.” मग कढई हलवल्यासारखा हात केला. मी समजलो, याची आई पण शेंगा भाजते. तात्यांनी त्याला खोली दिली होती, टीव्ही दिला होता, कोंबडी रोज. पण दिवसभरात त्याच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. पोरं फोटो काढून घ्यायची आणि निघून जायची. माझी बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, मुलगी कागलला दिलेली. तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना न कळणाऱ्या भाषेत बराच वेळ बोलायचो. बरं वाटायचं.

एकदा गॅलरीकडं हात दाखवून त्यानं विचारलं, “अण्णा, व्हाय नो पीपल?”

मी सगळं इंग्रजी एकवटलं. “यू विन, पीपल नो. यू लूज, पीपल येस!”

त्यानं मूठभर शेंगा खिशात घातल्या आणि सरावाला गेला. पुढच्या मॅचला त्यानं पेनल्टी गोलावरून अशी उडवली की चेंडू रस्त्यावर रिक्षात जाऊन पडला! माळानं मॅच बरोबरीत सोडवली. तात्या ओक्साबोक्शी रडायचे तेवढे बाकी होते. पण त्याच्या पुढच्या मॅचला पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

त्या मॅचनंतरच्या सकाळी दानू भट्टीवर आला आणि आधी वहीकडं बोट केलं. “हाऊ मेनी?”

पेनल्टी कशी चुकली हे मी त्याला कधीच विचारलं नाही.

*

बापूला पोटाचं दुखणं निघालं. सरकारी दवाखान्यात घातला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, फिफ्टी-फिफ्टी.

फिफ्टी-फिफ्टी म्हटल्यावर काय विचारता, गॅलरी फुल्ल! पाणीखात्यातली माणसं, पेठेतल्या बायका, फाटकचा अख्खा संघ, राखीव खेळाडूंसकट. वॉर्डच्या सिस्टर ओरडून ओरडून थकल्या. भेटायची वेळ चार ते सहा. बापू उशीला टेकून म्हणाला, “अण्णा, मॅचचीच वेळ हाय की! वही कुठाय?”

मी वही नेली. तो खाटेवरून मोजायचा, मी लिहायचो. घरची माणसं धरायची नाहीत हा नियम त्यानंच केला. पहिल्या दिवशी त्रेसष्ट. “दोन खांबांतल्या तीन पायऱ्या भरल्या की,” म्हणाला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि परत शिवलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ही बातमी पेठेत पसरायला नळाला पाणी यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी एकवीस. मग नऊ. मग चार. लोक वाईट नव्हते हो. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण आकडा तो आकडा.

आणि मी? आता खोटं कशाला बोलू? मी चार दिवस गेलो नाही. वारणानगरची मोठी ऑर्डर होती. ऑर्डर खरीच होती. पण ती दुपारी दोनलाच गाडीत भरून झाली होती, आणि चारला मी दुकानात रिकामा बसलो होतो.

पाचव्या दिवशी गेलो. हातात भाजलेल्या शेंगांची पिशवी. वॉर्डात त्याच्या खाटेशेजारी कोणी नव्हतं. सून डबा ठेवून गेली होती. बापूचा नुसता सांगाडा राहिला होता. पण मला बघून हसला.

“ये अण्णा. काय आनलंस?”

“शेंगा. गरम हायत.”

“मग तू धंद्याला आलायस,” म्हणाला. “टोपली हाय तुज्या हातात. तुला धरता येत न्हाय.”

मी म्हणालो, “बापू, काय ह्ये!”

“नियम तुजाच हाय, मर्दा! काड वही. आजचा आकडा शून्य. ल्ही.” मी लिहिना. तसा त्यानं माझं मनगट धरलं. पूर्वी व्हॉल्व्ह फिरवणारा हात, आता त्यात पाखराएवढं बळ. “चाळीस घालू नगंस. शून्य ल्ही.”

मी शून्य लिहिलं. ते बघून तो समाधानानं मागं टेकला आणि म्हणाला, “वाद मिटला न्हाय अजून.”

दुसऱ्या दिवशी मी हात हलवत गेलो. पिशवी नाही, वही नाही, काही नाही. चारला पाच मिनिटं कमी होती. सिस्टर त्याच्या रिकाम्या खाटेची चादर बदलत होत्या.

*

पुढच्या हंगामात पहिल्याच फेरीत फाटकची गाठ पिंपळकट्ट्याशी पडली. दुपारी दोनची मॅच. माने सर फुटाणे घ्यायलासुद्धा आले नाहीत. त्या दिवशी पाणी वेळेवर चारलाच येणार होतं, व्हॉल्व्हवर नवीन माणूस होता.

मी भट्टी पेटवली नाही. दुकानाला कुलूप लावलं. कागलहून मुलीचा फोन आला, “बाबा, दुकान बंद हाय म्हनं. बरं न्हाय काय?” म्हटलं, “बरं हाय. मॅच बघायला चाललोय.” “काय बघायला?” तिनं पुन्हा विचारलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिनं माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

गेटवर माने सर. “अण्णा, टोपली कुठाय?”

“न्हाय आनली.”

“मग?”

“तिकीट द्या एक.”

पाचव्या पायरीवर बसलो. डाव्या हाताला, जागा धरावी तसा, खांद्यावरचा टॉवेल घडी करून ठेवला. ऊन होतं. समोर बावीस माणसं पळत होती आणि त्यांच्या बुटांचा आवाज वर मला ऐकू येत होता. एवढ्या वर्षांत मी मॅच अशी पहिल्यांदाच बघत होतो. गेटवर बसलं की माणसांचे चेहरेच दिसतात, खेळ दिसत नाही.

हाफ टाईमला शून्य-शून्य!

पिंपळकट्ट्याचे दोन चेंडू खांबाला लागले. एक टेंपोवाल्या गोलीच्या तोंडावर बसला, नाक फुटलं, तरी उठला. आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले होते. खाली माने सर कुणाला तरी ओरडून सांगत होते, “आरं खरंच! अजून शून्य-शून्य हाय!”

पहिला आला तो गिरणीवाला, अंगावर पीठ तसंच. मग तिघं. मग बाहेर मोटारसायकली वाजायला लागल्या. मग गेटवर रेटारेटी. शेवटच्या दहा मिनिटांत दोन खांबांमध्ये वीस सोडा, तीस-तीस माणसं! आणि सगळ्यांचे हात माझ्याकडं. “अण्णा, शेंगा! अण्णा, हिकडं दोन पुड्या! आवं शेंगा कुठं हायत?”

उभ्या जन्मात हुकलेला हा माझा सगळ्यात मोठा अंदाज, आणि माझ्याकडं एक दाणा नव्हता!

शेवटचं मिनिट असेल. फाटकला पेनल्टी मिळाली. त्याच वेळी एक जाडजूड गडी धापा टाकत पायऱ्या चढून आला, माझ्याजवळ थांबला आणि टॉवेलाकडं बोट करून म्हणाला, “पावणं, हितं कोन हाय काय?”

मी त्याच्याकडं बघितलं. टॉवेलावर हात ठेवला. तेवढ्यात सगळी गॅलरी ताडकन उठून उभी राहिली. माझ्यापुढं नुसत्या पाठी. मी एकटाच बसलेला होतो, मला काही दिसलं नाही.

मॅचचं काय झालं म्हणता? ते पेठेत कुणालाही विचारा.

माझ्याकडं वही आहे. त्या मॅचचं पान अजून कोरं आहे, ते तुम्ही भरा. दोन रकाने पाडा. पहिल्यात, काय होणार हे ठाऊक नसताना आलेले. ते सोपं आहे, खांब मोजा, पायऱ्या मोजा. दुसऱ्यात, काय होणार हे ठाऊक असून आलेले. माझ्या हातात टोपली नव्हती, एवढं ध्यानात ठेवा. टॉवेलाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. फक्त आकडा खरा घाला. चाळीस घालू नका.